कुणी कापली, कधी कापली: जुन्या स्पोर्ट्स कार आणि लिलावातला भाव

मॅक्लारेन एफ१ या नव्वदच्या दशकातल्या स्पोर्ट्स कारच्या दोन गाड्यांपासून सुरुवात करते. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये फेरफार केला की तिची किंमत पडते, असं कुणी ठामपणे म्हणालं की मला या दोन गाड्या आठवतात.

पहिलीचा चॅसी (म्हणजे सांगाड्याचा) क्रमांक ०१८. ऑगस्ट २०१९ मध्ये आरएम सदबीज या लिलावघराच्या मॉन्टेरी लिलावात ती १ कोटी ९८ लाख ५ हजार डॉलरला गेली. ही गाडी नवी असताना गडद निळी होती. पुढे ती मॅक्लारेनकडे परत गेली आणि कंपनीने तिचा जवळजवळ कायापालट केला. एफ१च्याच शर्यतीच्या अवतारातलं, म्हणजे जीटीआरमधलं, आत येणाऱ्या हवेवर बंधन नसलेलं ६८० अश्वशक्तीचं इंजिन आलं, मागे मोठा पंख आला, चाकं १८ इंची झाली, निळा रंग जाऊन चंदेरी आला, आतलं चामडंही बदललं. एफ१च्या सगळ्या मिळून १०६ गाड्या झाल्या आणि त्यातल्या फक्त दोन गाड्यांना हे असं रूप मिळालं.

दुसरी ०२९. ऑगस्ट २०२१ मध्ये गुडिंगच्या पेबल बीच लिलावात २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलर. तपकिरी रंग, धावलेलं अंतर ४०० किलोमीटरच्याही आत, कुणी काही बदललेलं नाही.

दोन लिलावांमध्ये दोन वर्षांचं अंतर आहे आणि बाजार तोवर हलला होता, हे मान्य. तरीही एक गाडी जशीच्या तशी जपलेली, दुसरी इंजिनापासून रंगापर्यंत बदललेली, आणि भावात फरक साडेतीन टक्क्यांच्याही आतला. ‘मूळ ते महाग, बदललेलं ते स्वस्त’ हा नियम इथेच कोलमडतो. (या लेखातले सगळे आकडे लिलावघराचं कमिशन धरून आहेत. हातोडा पडतो तो आकडा याहून कमी असतो आणि बातम्यांमध्ये दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून आधीच सांगितलं.)

माझं काम टूलरूममधल्या तपासणीचं. दिवसभर गेज, मायक्रोमीटर आणि ठशांचे आकडे. लिलावांचे कॅटलॉग मी रात्री वाचते आणि शेवटून वाचते. चकचकीत वर्णन नंतर. आधी बघते ते काय बदललंय, कुणी बदललंय, कोणत्या साली, आणि काढलेले भाग गाडीबरोबर मिळणार आहेत का. इतकी वर्षं असं वाचून माझं एक मत पक्कं झालंय. बाजार बदलाला घाबरत नाही. ज्या बदलामागे नाव नाही, कागद नाही आणि जो परत फिरवता येत नाही, त्या बदलाचे पैसे बाजार कापतो, आणि निर्दयपणे कापतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये फेरारी २५० जीटीओ, चॅसी ३४१३, मॉन्टेरीला ४ कोटी ८४ लाख डॉलरला विकली गेली. तोवर लिलावात कुठल्याच गाडीला इतकी किंमत आलेली नव्हती. आता ही गाडी बघा. १९६२ साली ती बाहेर पडली तेव्हा तिची बॉडी वेगळी होती. १९६४ मध्ये फेरारीच्या बॉड्या घडवणाऱ्या स्काग्लिएत्तीच्या कारखान्याने ती उतरवली आणि त्या वर्षीच्या जीटीओची, जास्त बसकी आणि रुंद बॉडी तिच्यावर चढवली. म्हणजे जगातली तेव्हाची सर्वांत महागडी लिलावातली गाडी ही बॉडी बदललेली गाडी होती! पण ज्या हातांनी पहिली बॉडी घडवली त्यांनीच दुसरी घडवली, शर्यतीत टिकून राहण्यासाठी घडवली, आणि गाडी ऐन उमेदीत असताना घडवली. मूळ इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल जागेवरच राहिले. आज कुणी तिला पुन्हा १९६२ च्या रूपात आणायचं म्हटलं तर तिचे चाहते आडवे पडतील.

याच गोष्टीची दुसरी बाजू कमी सुखाची आहे. फेरारीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला २५० जीटीई नावाची चार जण बसतील अशी गाडी काढली होती. साडेनऊशेच्या आसपास झाल्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्यांना फार कुणी विचारत नव्हतं, आणि इंजिन मात्र त्याच तीन लिटरच्या व्ही१२ घराण्यातलं. मग कितीतरी जीटीई कापल्या गेल्या. चॅसी आखूड केली, वर जीटीओची नक्कल बसवली. बारा सिलिंडर तेच, आकार तोच, कधी कधी पत्र्याचं कामही अप्रतिम. लिलावात त्या नकलांची किंमत अस्सल जीटीओच्या तुलनेत किरकोळ असते. दरम्यान न कापलेल्या जीटीईचे भाव चढले, कारण कापण्यात त्या कमी झाल्या. त्या काळी कुणाला हे सांगितलं असतं तर पटलं नसतं.

आता माझी सर्वांत आवडती आणि सर्वांत जिवाला लागणारी गोष्ट: डेटोना.

फेरारी ३६५ जीटीबी/४ ही १९६८ च्या पॅरिस प्रदर्शनात आली. लांबलचक बॉनेट, ४.४ लिटरचं व्ही१२ इंजिन, ३५२ अश्वशक्ती. लोकांनी तिला डेटोना म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. बंद छताच्या कूपे सुमारे १,२८० झाल्या आणि उघड्या टपाच्या स्पायडर फक्त सव्वाशेच्या आत-बाहेर. साहजिकच स्पायडरचा भाव आभाळाला भिडला. मग सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून लोकांनी कूपेचं छत कापायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियातल्या रिचर्ड स्ट्रामन यांच्यासारखे कसबी कारागीर हे काम करत, आणि चांगलं करत. छत उतरवल्यावर गाडीचा ताठपणा कमी होतो, म्हणून खाली मजबुती द्यावी लागते, काचेची चौकट पक्की करावी लागते, मागचा पत्रा आणि डिकीचं झाकण नव्याने जुळवावं लागतं. ते सोपं काम नाही.

अशी गाडी लिलावात आली की मी फोटो मोठा करून दाराची मागची उभी फट बघते. वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला ती सारखी आहे का? छत कापलेल्या आणि नीट मजबुती न दिलेल्या गाडीत वर्षानुवर्षांच्या खड्ड्यांनी मधला भाग किंचित बसतो आणि फट वरून चिमटल्यासारखी होते. रंगारी पुट्टी भरून ती फट सरळ करू शकतो, मग दाराची कड जाड दिसायला लागते. उजेड तिरका असलेला एखादा फोटो असेल तर हे दिसतं. लिलावघरं तसे फोटो मुद्दाम टाळतात असं मी म्हणणार नाही, पण ते क्वचित मिळतात.

भावाचं काय? ऐंशीच्या दशकात अशा रूपांतरित गाडीला साध्या कूपेपेक्षा बरेच जास्त पैसे मिळत. आज ती चांगल्या कूपेच्या आसपास घुटमळते, पुष्कळदा खालीच राहते, आणि अस्सल स्पायडर तिच्या कित्येक पटींवर असते. लोकांचं मन बदललं ते एका रात्रीत नाही. फेरारीने २००६ मध्ये ‘क्लासिके’ विभाग सुरू केला आणि जुन्या गाडीला कारखान्याकडून प्रमाणपत्र मिळू लागलं. गाडी कारखान्यातून जशी निघाली तशी आहे का, हा त्याचा गाभा. कापलेली डेटोना तिथे बसत नाही. प्रमाणपत्र नाही म्हटल्यावर मोठा ग्राहक हात आखडता घेतो. आता तर काही मालक पुन्हा छत बसवायला निघालेत. दाता कूपे शोधायची, तिचं छत आणायचं, सगळी मोजमापं पुन्हा जुळवायची. एवढा खर्च करूनही ती ‘एकदा कापलेली’ म्हणूनच नोंदवली जाते.

याच्या उलट टोकाला सप्टेंबर २०१७ मधली, फेरारीच्या गावातली, मारानेल्लोची विक्री. जपानमध्ये दशकानुदशकं धूळ खात उभी असलेली १९६९ ची डेटोना. ॲल्युमिनियमची बॉडी असलेली, रस्त्यावर चालवण्यासाठी केलेली. आरएम सदबीजने ती धुळीसकट मंचावर आणली. पुसलीसुद्धा नाही. १८ लाख ७ हजार युरो! त्या धुळीचे पैसे मिळाले असं माझा दीर म्हणतो. मी म्हणते, धुळीखाली कुणाचा हात लागलेला नाही याची खात्री मिळाली, पैसे तिचे.

दिराचा उल्लेख आलाच आहे तर सांगून टाकते. त्यांना बदललेल्या गाड्या आवडतात. आमचे वाद जोरात होतात. “वहिनी, गाडी चालवायची असते, पूजायची नसते,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि जॅग्वार ई-टाइपच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूला आहे. १९६१ साली आलेल्या ३.८ लिटरच्या ई-टाइपमध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर खरखर न होता बसवणारी जोडणी, नव्हता. गर्दीत तापायची. आज बऱ्याच मालकांनी पाच गिअरचा बॉक्स, ॲल्युमिनियमचा रेडिएटर, चांगला पंखा आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंय. यातलं काहीच पत्रा कापून केलेलं नसतं. स्पॅनर घेऊन बसलात तर पुन्हा मूळ रूपात आणता येतं. अशा गाडीला मधल्या पातळीच्या लिलावात तोटा होत नाही, उलट चालवणारे ग्राहक खूश होतात. फक्त अगदी सुरुवातीच्या, सपाट तळाच्या, बॉनेटच्या कड्या बाहेरून असलेल्या गाड्यांपाशी सूर बदलतो. तिथे ग्राहक संग्राहक असतो आणि त्याला तो जुना, कुरकुरणारा गिअरबॉक्सच हवा असतो. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं. गिअरबॉक्स खोक्यात बांधून गाडीबरोबर दिलेला असेल तर पैसे का कापावेत? पण कापतात.

ॲस्टन मार्टिन डीबी५ची गोष्टही तशीच. तिचं चार लिटरचं इंजिन ४.२ किंवा ४.७ लिटरचं करून घेणं इतकं रूढ झालंय की कॅटलॉगमध्ये ते गुण म्हणून छापतात. स्वयंचलित गिअरबॉक्स काढून झेडएफ कंपनीचा पाच गिअरचा बसवला तर ग्राहक वाढतात. मूळ बॉक्स नव्हता हे सगळ्यांना माहीत असतं, तरी चालतं. याचं कारण मला असं दिसतं: हे बदल ठरावीक नावाजलेल्या कारखान्यांनी केले, सगळ्यांनी साधारण एकाच पद्धतीने केले, आणि पावत्या ठेवल्या. एखाद्या बदलाला प्रथेचं रूप आलं की बाजार त्याचा बाऊ करत नाही.

काही वेळा तर तो बदल कारखान्यानेच मूळ यादीत छापलेला असतो. फेरारीची डिनो २४६ घ्या. काही गाड्यांना ‘डेटोना’ धर्तीच्या आडव्या पट्ट्यांच्या सीट्स आणि रुंद कांपान्योलो चाकांसाठी फुगवलेले मडगार्ड मिळाले होते. जाणकार तिला ‘चेअर्स अँड फ्लेअर्स’ म्हणतात आणि तशी गाडी साध्या डिनोपेक्षा ठळकपणे महाग जाते. हे कळल्यावर लोकांनी साध्या डिनोला मडगार्ड फुगवून घेतले. मग प्रश्न उरला एकच, कारखान्यात फुगवले की नंतर? डोळ्यांना दोन्ही सारखेच. कागद बोलतो, आणि कागद बोलला नाही तर वाढीव रक्कमही येत नाही.

लँबोर्गिनी काउंटाशमध्ये हा पट आणखी उलटा फिरला. वॉल्टर वोल्फ नावाच्या उद्योगपतीने सत्तरच्या दशकात स्वतःसाठी काउंटाश खास बनवून घेतल्या. रुंद पिरेली टायर, फुगवलेले मडगार्ड, मागे पंख. कारखान्याला ते इतकं पटलं की १९७८ पासूनच्या एलपी४००एसवर तोच साज आला. एका ग्राहकाची हौस पुढे मॉडेल झाली. मग जुन्या, अरुंद टायरच्या एलपी४०० च्या मालकांनीही ऐंशीच्या दशकात पंख आणि मडगार्ड चढवले, कारण सगळ्यांना तेच हवं होतं. आज भाव कुणाला? छतावर आरशासाठी खाच असलेल्या त्या सडपातळ ‘पेरिस्कोपियो’ला. दीडशेच्या आसपासच झाल्या. आता ते चढवलेले मडगार्ड उतरवायचं काम चालू आहे, आणि उतरवणं चढवण्यापेक्षा महाग पडतं.

नंबरांबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

शेवरोले कॉर्व्हेटच्या व्ही८ इंजिनाच्या ब्लॉकवर पुढच्या बाजूला, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढ्यात, एक छोटी सपाट जागा असते. तिथे इंजिनाचा क्रमांक ठोकलेला असतो. पण नुसता क्रमांक बघून भागत नाही. ती जागा कारखान्यात ब्रोचिंगने, म्हणजे दातेरी हत्याराने धातू तासून, सपाट केलेली असते आणि त्या यंत्राच्या समांतर, केसासारख्या बारीक रेघा तिच्यावर राहतात. साठ-सत्तरच्या दशकांत पोरांनी या गाड्या शर्यतीत पळवल्या, इंजिनं फोडली, बदलली, ब्लॉकचा वरचा भाग घासून सपाट केला. घासताना क्रमांक गेला आणि रेघाही गेल्या. नंतर भाव चढल्यावर कुणीतरी क्रमांक पुन्हा ठोकतो. आकडे ठोकणं सोपं. रेघा पुन्हा आणणं अवघड, आणि आणल्या तरी त्या अंकाच्या खड्ड्याच्या कडेशी कशा वागतात ते भिंगाखाली दिसतं. आधी रेघ आणि मग ठसा असेल तर धातू ठशाच्या कडेला दबून वर येतो आणि रेघ तिथे मुडपते. आधी ठसा आणि मग रेघ असेल तर ती कड कापलेली असते. मी रोज ठसे तपासते म्हणून मला यात इतका रस आहे. १९६७ साली एल८८ इंजिनाच्या कॉर्व्हेट फक्त २० झाल्या. अशा गाडीच्या बाबतीत या दोन बोटांएवढ्या जागेवर लाखो डॉलर अवलंबून असतात.

पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ च्या बाबतीतही हेच. १९७३ सालच्या या मॉडेलच्या १,५८० गाड्या झाल्या आणि साध्या ९११ ला बदकाच्या शेपटीसारखा मागचा स्पॉयलर लावून केलेल्या नकला मात्र अगणित. नक्कल प्रामाणिकपणे नक्कल म्हणून विकली तर मला तिच्याबद्दल काहीच तक्रार नाही. चालवायला ती सुंदर असते. तिची किंमत अस्सलच्या एका छोट्या हिश्शाइतकी, आणि ते योग्यच आहे.

सर्वांत सूक्ष्म उदाहरण मात्र रूफ सीटीआरचं. जर्मनीतल्या रूफने १९८७ मध्ये ९११ वर आधारलेली ही पिवळी गाडी आणली. जर्मनीतल्या एरा-लेसिनच्या चाचणी मार्गावर तिने ताशी ३३९ किलोमीटर गाठले आणि ‘यलोबर्ड’ हे नाव जगभर झालं. रूफने पोर्शेकडून कोरी बॉडी घेऊन, स्वतःचा चॅसी क्रमांक देऊन २९ गाड्या बांधल्या. त्याशिवाय ग्राहकांनी आणून दिलेल्या ९११ चं त्याच धर्तीवर रूपांतर केलं. इंजिन तेच, हात तेच, कारखाना तोच. तरी क्रमांक रूफचा असेल तर ती गाडी ‘रूफ’, आणि क्रमांक पोर्शेचा असेल तर ती ‘बदललेली पोर्शे’. मार्च २०२५ मध्ये अमेलिया आयलंडच्या लिलावात रूफ-क्रमांकाची सीटीआर ६० लाख ५५ हजार डॉलरला गेली. रूपांतरित गाड्या त्याच्या जवळपासही जात नाहीत. दिराला हे अजिबात पटत नाही. “ठसा मारायचं काम दोन मिनिटांचं, त्याला इतके पैसे?” माझं उत्तर असं की तो ठसा म्हणजे त्या गाडीचा जन्म कुठे झाला याची नोंद. नंतर कुणीही, कितीही पैसे दिले तरी ती नोंद मिळवू शकत नाही.

नाव मोठं असेल तर मात्र बाकीचे सगळे हिशेब बाजूला राहतात. कोब्रा गाडी घडवणारे कॅरोल शेल्बी यांनी १९६६ मध्ये स्वतःसाठी कोब्रा ४२७ ला इंजिनात जादा हवा ढकलणारे दोन पॅक्स्टन सुपरचार्जर लावले आणि ८०० अश्वशक्तीची ‘सुपर स्नेक’ तयार झाली. गिअरबॉक्स चक्क स्वयंचलित. दुसऱ्या कुणी ४२७ चं असं केलं असतं तर लिलावात ते सगळं उतरवायचा खर्च किंमतीतून वजा झाला असता. शेल्बींची ती गाडी २००७ मध्ये ५५ लाख डॉलरला आणि २०२१ मध्ये ५९ लाख ४० हजार डॉलरला गेली.

अमेरिकन रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनची पोर्शे ३५६ तर मला डोळ्यांत पाणी आणते. १९६४ ची कॅब्रिओले, तिने १९६८ मध्ये साडेतीन हजार डॉलरला जुनीच घेतली आणि तिच्या बँडचं सामान सांभाळणाऱ्या डेव्ह रिचर्ड्सकडून बॉनेटपासून मागच्या टोकापर्यंत रंगवून घेतली. फुलपाखरं, डोंगर, डोळे, तिचे आणि वादकांचे चेहरे. एकदा ती चोरीला गेली तेव्हा चोराने ओळखू येऊ नये म्हणून वरून राखाडी रंग फवारला. खाली पारदर्शक थर होता म्हणून रिचर्ड्सला तो राखाडी रंग काढून चित्रं वाचवता आली. जॅनिस वारल्यावर गाडी वर्षानुवर्षं वापरात राहून चित्रं उडायला लागली, तेव्हा घरच्यांनी गाडी पुन्हा मूळ राखाडी करून घेतली. पुढे नव्वदच्या दशकात फोटोंवरून चित्रं पुन्हा काढून घेतली. म्हणजे डिसेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात जी गाडी उभी होती, तिच्यावरचा रंग रिचर्ड्सच्या हातचा नव्हता. अंदाज होता चार ते सहा लाख डॉलरचा. आले १७ लाख ६० हजार. मूळ राखाडी रंगात ती आणखी एक ३५६ झाली असती. कुटुंबाने ती चित्रं परत आणली, हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो, आणि तो त्यांनी पैशासाठी घेतला नव्हता.

नव्वदच्या दशकातली टोयोटा सुप्रा ही आमच्या पिढीची गाडी, तिच्याबद्दल दीर तासभर बोलू शकतात. तिच्या इंजिनाचा ब्लॉक इतका दणकट की दुप्पट-तिप्पट ताकद काढली तरी टिकतो. म्हणून जवळपास सगळ्यांनी ती बदलली. मोठा टर्बो, नवे बंपर, पंख, पत्र्यावर स्टिकर. परिणाम असा की न बदललेली सुप्रा आज दुर्मीळ आहे, आणि जुनी, मूळ अवस्थेतली, कमी धावलेली गाडी लिलावात आली की आकडा लाख डॉलर सहज ओलांडतो. मूळ गाडी महाग झाली ती इतरांनी त्यांच्या गाड्या बदलल्या म्हणून. आणि तरीही त्याच मॉडेलमध्ये विक्रम कुणाच्या नावावर? अभिनेता पॉल वॉकरने ‘द फास्ट अँड द फ्युरियस’मध्ये पडद्यावर चालवलेल्या भगव्या रंगाच्या, नखशिखांत सजवलेल्या गाडीच्या. जून २०२१, लास वेगास, साडेपाच लाख डॉलर. तीच सजावट, तीच चाकं, तोच पंख कुणी घरच्या सुप्रावर लावला तर मूळ गाडीच्या निम्मीही रक्कम येणं कठीण.

सिंगरबद्दल माझं मन अजून घट्ट झालेलं नाही. रॉब डिकिन्सन यांनी २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेली ही संस्था १९८९ ते १९९४ दरम्यानची, ९६४ पिढीची पोर्शे ९११ घेते, तिचा भाग न् भाग सुटा करते आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीसारखी दिसणारी नवीच गाडी घडवते. काम इतकं बारीक की माझ्यासारख्या तपासणीवालीला फटी, शिवणी, स्क्रूच्या खाचांची दिशा बघत बसावंसं वाटतं. लिलावात या गाड्यांनी दहा लाख डॉलर केव्हाच ओलांडले. बदलणाऱ्याचं नाव हाच जिथे ब्रँड होतो तिथे मूळ गाडी कोणती होती हे कुणी विचारतही नाही. पण दर गाडीमागे एक ९६४ संपते. सुरुवातीला ९६४ स्वस्त होती, फारशी कुणाला प्रिय नव्हती. आज चांगली ९६४ मिळवायला भरपूर पैसे लागतात. जीटीईच्या बाबतीत जे झालं ते इथे होतंय का, हा प्रश्न मी दिरांना विचारला. ते म्हणाले, “वहिनी, जीटीईची नक्कल झाली होती, इथे काहीतरी नवं घडतंय.” यावर मी अजून विचार करतेय.

ज्यांच्याकडे खरोखर अशी गाडी आहे, किंवा घ्यायचा विचार आहे, त्यांना माझं सांगणं कामाच्या पातळीवरचं आहे. काढलेला प्रत्येक भाग ठेवा. स्टिअरिंग, कार्ब्युरेटर, चाकं, सीट, मागचा दिवासुद्धा. ऑनलाइन लिलावात गाडीच्या पानावर शे-दीडशे फोटो असतात, आणि शेवटच्या काही फोटोंत बऱ्याचदा जमिनीवर मांडलेले काढलेले भाग असतात. बोली लावणारे ते फोटो बघतात. लग्नात दागिने मांडून दाखवतात तसे ते भाग चिठ्ठ्या लावून मांडलेले असले की बदललेल्या गाडीवरही लोक धीराने बोली लावतात, कारण परतीची वाट खुली आहे हे दिसतं. पावत्या ठेवा, त्यावर तारीख आणि काम करणाऱ्याचं नाव असू द्या. रंग बदलायचा असेल तर आधी दाराच्या आतला, बॉनेटखालचा, डिकीतला मूळ रंग आणि रंगाच्या कोडची पट्टी यांचे फोटो काढून ठेवा. ऐंशीच्या दशकात कितीतरी निळ्या, हिरव्या, तपकिरी फेरारी विकायला सोप्या जाव्यात म्हणून लाल केल्या गेल्या. आज त्याच गाड्यांचे मालक कोडची पट्टी शोधून मूळ हिरवा रंग परत आणतात, आणि जिथे पट्टीच गायब आहे तिथे नुसता अंदाज उरतो. आणि पत्रा कापू नका. भोक पाडायचंच असेल तर मूळ भागाला पाडू नका. बाजारातून दुसरा पॅनल आणा, त्याला पाडा, मूळ पॅनल कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

सध्या आमचा वाद चाललाय तो जुन्या गाड्यांत बॅटरी बसवण्यावरून. मे २०१८ मध्ये ब्रिटनच्या राजपुत्राच्या लग्नात विजेवर चालणारी ई-टाइप सगळ्या जगाने पाहिली आणि तेव्हापासून हा विषय थांबलेला नाही. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिवा, तिची भूमिका स्पष्ट आहे: असं रूपांतर झालेली गाडी ऐतिहासिक मानता येत नाही, आणि करायचंच असेल तर परत फिरवता येईल असं करा, काढलेले भाग खुणा करून जपून ठेवा. दिरांना ही भूमिका जुनाट वाटते. मला ती नेमकी वाटते. बॅटरी मूळ माउंटिंगच्या भोकांवर बसवली असेल, गाडीच्या मधोमध गिअरबॉक्सवर असलेला पत्र्याचा बोगदा कापला नसेल आणि सहा सिलिंडरचं इंजिन स्टँडवर तेल लावून झाकून ठेवलं असेल, तर अशी गाडी लिलावात आल्यावर मी तिचं पान पूर्ण वाचेन. इंजिन विकून टाकलंय असं लिहिलेलं दिसलं, तर मी पुढच्या लॉटकडे वळते.